संशोधनासाठी मानवी टिश्यूचे नमुने कसे मिळवायचे: संमतीपत्रापासून उणे ८० अंशांच्या फ्रीझरपर्यंत

फ्रीझरमध्ये ठेवलेल्या टिश्यूच्या तुकड्याबद्दल तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. तो कोणाच्या संमतीने घेतला? रक्तपुरवठा तुटल्यापासून तुकडा गोठेपर्यंत किती मिनिटं गेली? आणि त्यात ज्या पेशींचा अभ्यास करायचा आहे त्या खरोखर किती आहेत? यांतल्या एकाचंही उत्तर नसेल तर त्या तुकड्यावर महागडं सिक्वेन्सिंग (डीएनए-आरएनएचा क्रम वाचणं) करून हाती येणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी हे कळलं तर गेलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत. म्हणून पुढे यंत्रांपेक्षा कागद आणि घड्याळ यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून गालाच्या आतल्या बाजूच्या, म्हणजे बक्कल म्युकोसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया घेतली आहे. तंबाखू, मिश्री आणि सुपारीमुळे हा आजार आपल्याकडे भरपूर दिसतो आणि नमुना घेताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी याच एका शस्त्रक्रियेत भेटतात. स्तन, यकृत किंवा आतड्याच्या टिश्यूसाठी तपशील थोडे बदलतील, पण क्रम हाच राहतो.

आधी ठरवा: ताजा तुकडा खरंच लागणार आहे का?

संशोधनाच्या प्रश्नावरून नमुन्याचा प्रकार ठरतो. बहुतेक नवशिके उलटं करतात. "मिळेल ते गोळा करू, नंतर बघू" असं म्हणून सुरुवात होते आणि नंतर बघताना नमुना चुकीच्या द्रवात बुडालेला असतो.

एखाद्या प्रथिनाचं पेशीतलं स्थान पाहायचं असेल, तर पॅथॉलॉजी विभागात साठवलेले पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे, पुरतात. ठरावीक जनुकांमधले बदल शोधायलाही चांगल्या ब्लॉकमधला डीएनए चालतो. मात्र जबड्याच्या हाडासकट काढलेल्या गाठीचा ब्लॉक निवडताना सावध राहा. हाड मऊ करण्यासाठी तो आम्लात ठेवला असेल तर त्यातलं डीएनए-आरएनए तुटलेलं असतं. आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरून डीकॅल्सिफिकेशन, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढणं, केलं असेल तर ठीक. त्याच रुग्णाच्या हाड नसलेल्या भागाचा ब्लॉक असेल तर तोच मागा.

संपूर्ण आरएनए सिक्वेन्सिंग किंवा प्रोटिओमिक्स (सगळ्या प्रथिनांचा अभ्यास) करायचं असेल किंवा मेटाबोलाइट (पेशीतली छोटी रसायनं) मोजायचे असतील तर गोठवलेला ताजा तुकडा लागतो. सिंगल सेल, म्हणजे एकेका पेशीचा अभ्यास, किंवा प्राथमिक पेशीसंवर्धन करायचं असेल तर टिश्यू जिवंत हवा. आणि प्रश्न फक्त एखाद्या औषधाचा कर्करोगाच्या पेशींवर काय परिणाम होतो इतकाच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत राहता येणाऱ्या पेशी, मागवून काम भागू शकतं. त्यासाठी रुग्णांकडे जायची गरज नाही.

नवा नमुना गोळा करण्यापूर्वी बायोबँकेत, म्हणजे नमुन्यांच्या साठ्यात, आहे का तेही विचारा. टाटा मेमोरियलची ट्यूमर टिश्यू रिपॉझिटरी, दिल्लीच्या आयएलबीएस या यकृत संस्थेतली यकृत आजारांची बायोबँक, मेंदूच्या टिश्यूसाठी बंगळूरच्या निम्हान्समधली ब्रेन टिश्यू रिपॉझिटरी ही आपल्या देशातली ठिकाणं आहेत. बायोबँकेकडे अर्ज करताना प्रकल्पाचा आराखडा, एथिक्स कमिटीची (नैतिकता समितीची) मंजुरी आणि नेमके किती मिलिग्रॅम किंवा किती सेक्शन हवेत हे लिहावं लागतं. "शक्य तितके" असं लिहिलेला अर्ज मागे येतो. बायोबँक घेते ते प्रक्रिया आणि साठवणीचे पैसे असतात. टिश्यूची किंमत कोणी लावू शकत नाही, आणि रुग्णाला तुकड्याच्या बदल्यात किंवा सर्जनला दर नमुन्यामागे पैसे देणं हा तर प्रश्नच येत नाही. केवळ संशोधनासाठी रुग्णाला एक फेरी जास्त मारावी लागली तर प्रवासखर्च जरूर द्यावा.

मंजुऱ्या

आपल्याकडचा मुख्य आधार म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. त्यातला जैविक नमुने आणि बायोबँकिंगचा भाग अर्ज लिहिण्यापूर्वी पूर्ण वाचा. त्यात सगळ्यात महत्त्वाचं हे सांगितलं आहे की नमुन्यावर हक्क रुग्णाचा राहतो आणि संस्था त्याची राखणदार असते. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

ज्या एथिक्स कमिटीकडे जाल ती २०१९च्या नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत आहे का ते पाहा. जैववैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या समितीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे होते. रुग्णालयाची स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिच्याकडून मंजुरी घेता येते. शस्त्रक्रिया रुग्णालयात आणि प्रयोग विद्यापीठात होणार असतील तर दोन्हीकडची मंजुरी हवी. शिवाय दोन संस्थांमध्ये साहित्य हस्तांतरणाचा करार, म्हणजे एमटीए लागतो. एमटीएवर सही करायला प्रशासनाला वेळ लागतो, म्हणून एथिक्सचा अर्ज भरताना त्याच दिवशी तोही पुढे सरकवा. ही दोन कामं एकापाठोपाठ केली तर महिने वाया जातात.

अर्जाबरोबर काय लागतं: प्रोटोकॉल, माहितीपत्रक आणि संमतीपत्र सगळ्या भाषांत, त्यांचं भाषांतर बरोबर असल्याचा दाखला, माहिती नोंदवण्याचा फॉर्म, प्रमुख संशोधकाचा बायोडेटा, आणि सर्जरी व पॅथॉलॉजी या दोन्ही विभागप्रमुखांची लेखी संमती. शेवटची गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. पॅथॉलॉजिस्टला पहिल्या दिवसापासून प्रकल्पात सहसंशोधक म्हणून घ्या. त्यांच्या हाताशिवाय हे काम नीट होतच नाही.

जुने ब्लॉक वापरायचे असतील, ओळख पूर्ण पुसलेली असेल आणि रुग्णाला धोका नगण्य असेल, तर समिती संमतीची अट शिथिल करू शकते. हे समितीने लेखी द्यावं लागतं. संशोधकाने आपल्या मनाने ठरवायचं नसतं. रुग्णालयात दाखल होताना भरलेल्या फॉर्मवर "शिक्षण व संशोधनासाठी वापर" अशी एक ओळ असते, तिच्या भरवशावर नवा नमुना घेऊ नये. प्रकल्पात परदेशी संस्था असेल किंवा नमुने बाहेर जाणार असतील तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीकडेही जावं लागतं.

संमती: इथे घाई नको

संमती कोणी घ्यायची? शक्यतो ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने नाही. ज्यांच्या हातात आपला जीव आहे त्यांना "नाही" म्हणणं रुग्णाला अवघड जातं. रिसर्च नर्स, समुपदेशक किंवा प्रशिक्षित प्रकल्प सहायक यांनी ती घ्यावी, आणि ओपीडीत किंवा दाखल झाल्यावर वॉर्डात, ऑपरेशनच्या किमान एक दिवस आधी घ्यावी. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात, स्ट्रेचरवर, गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर घेतलेली सही ही संमती नव्हे.

माहितीपत्रकाची भाषा हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. "सदर संशोधनाकरिता आपल्या जैविक ऊतींचे संकलन करण्यात येणार असून" अशी सुरुवात झाली की बीडहून आलेला शेतकरी पुढे वाचतच नाही. सांगता येईल तसं लिहा: "ऑपरेशनमध्ये डॉक्टर तुमची गाठ काढतील. ती गाठ तपासणीला जाईल. तपासणीला लागेल तेवढा भाग ठेवून जे उरेल, त्यातला हरभऱ्याएवढा तुकडा आम्ही संशोधनासाठी ठेवू. त्यासाठी वेगळं काही कापणार नाही. ऑपरेशनच्या आधी रक्त काढतात तेव्हाच दोन चमचे रक्त जास्त घेऊ." दोन चमचे म्हणजे १० मिलि. हे हाताने दाखवताही येतं. मराठी येत नसलेल्या रुग्णासाठी हिंदी, उर्दू, गुजराती किंवा त्याच्या बोलीत समजावणारा माणूस हवा. गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या भागातून रुग्ण येत असतील तर ती सोय प्रकल्पाच्या खर्चातच धरा.

लोक चार प्रश्न हमखास विचारतात, त्यांची सरळ उत्तरं पत्रकात छापलेली असावीत. नाही म्हटलं तर ऑपरेशन पुढे ढकलाल का? नाही, उपचारात काहीही फरक पडणार नाही. याचे पैसे लागतील का? नाही. याचा रिपोर्ट आम्हाला मिळेल का? बहुतेक वेळा नाही, आणि या संशोधनाचा तुम्हाला स्वतःला आज फायदा होईल असंही आम्ही सांगत नाही. आमचं नाव कुठे जाईल का? नमुन्यावर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल.

त्यानंतर होय-नाहीच्या वेगवेगळ्या ओळी ठेवा आणि प्रत्येकीसमोर रुग्णाची छोटी सही किंवा अंगठा घ्या: या अभ्यासासाठी वापर, पुढच्या इतर अभ्यासांसाठी साठवण, आनुवंशिक तपासणी, दुसऱ्या संस्थेला किंवा परदेशात पाठवणं, त्यातून कधी व्यावसायिक उत्पादन झालं तर त्यासाठी वापर, आणि घरातल्या इतरांनाही धोका दाखवणारी गोष्ट सापडली तर कळवायचं की नाही. सरसकट एकच "मी सर्व गोष्टींना संमती देतो" घेतलं तर पाच वर्षांनी नवा प्रश्न मनात आला की तोच कागद आडवा येतो.

घरातला मोठा मुलगा किंवा भाऊ पुढे होऊन सही करायला घेतो, हे रोजचंच दृश्य आहे. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही त्याचीच हवी. घरच्यांशी बोलायला हरकत नाही, ते व्हायलाच हवं, पण त्यांची सही रुग्णाच्या सहीची जागा घेत नाही. तोंडाच्या कर्करोगात अनेकांचं तोंड पूर्ण उघडत नाही, बोलताना त्रास होतो, म्हणून दुसराच कोणी त्यांच्या वतीने बोलत राहतो. अशा वेळी कागद-पेन द्या आणि थांबा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि संशोधन गटाबाहेरच्या साक्षीदाराची सही लागते. मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार लागतो. सही झालेल्या पत्राची एक प्रत रुग्णाला द्या.

किती रुग्ण लागतील?

संख्याशास्त्रज्ञाने ४० जोड्या सांगितल्या म्हणून ४० संमतीपत्रं घेऊन थांबू नका. जोडी म्हणजे गाठ आणि त्याच रुग्णाचा निरोगी टिश्यू. समजा १०० जणांनी संमती दिली. त्यातल्या १० जणांचं ऑपरेशन पुढे गेलं किंवा दुसरीकडे झालं. उरलेल्या ९० पैकी १५ गाठी इतक्या लहान की निदानासाठीच सगळ्या लागल्या. ७५ नमुने आले, त्यातल्या एक तृतीयांशात गाठीच्या पेशी कमी भरल्या. राहिले ५०. आरएनए खराब निघालेले आणखी ८-१० वजा केले की मग ४० हातात येतात. हे आकडे समजुतीपुरते आहेत. तुमच्या रुग्णालयातले पहिले १० नमुने पायलट म्हणून घ्या आणि गळती स्वतः मोजा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

ओटी लिस्ट संध्याकाळी लागते. ती पाहून संमती दिलेल्या रुग्णाचं नाव, टेबल क्रमांक आणि अंदाजे वेळ टिपून घ्या. मग किट भरा:

- झाकणाचा निर्जंतुक रिकामा डबा. त्यावर मोठ्या अक्षरात "फॉर्मलिन घालू नये, लॅबला फोन करा" अशी चिठ्ठी
- सलाइनमध्ये भिजवून पिळलेले गॉझ, झिप पिशव्या, बर्फाची पेटी
- १.८ किंवा २ मिलिच्या क्रायोव्हायल (गोठवणीच्या छोट्या कुप्या), आधीच लेबल लावलेल्या, दर रुग्णामागे ८ ते १०
- निर्जंतुक ब्लेड किमान ४, चिमटे ४, पेट्री डिश, ॲल्युमिनियम फॉइल, मोजपट्टी
- द्रव नायट्रोजनचा ५ किंवा १० लिटरचा कॅन, लांब चिमटा, चेहरा झाकणारी ढाल, थंडीचे हातमोजे
- लागणार असतील तर आयसोपेंटेन ५० ते १०० मिलि, धातूचा लहान बीकर आणि ओसीटी (गोठवताना टिश्यू बसवायचा जेलसारखा पदार्थ)
- १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, टिश्यू कॅसेट, पेन्सिल
- वेळ नोंदवायचा छापील कागद आणि घड्याळ

नायट्रोजनचा कॅन आदल्या दिवशी भरून घ्या. तो न वापरताही उडत राहतो. सोमवारी भरलेला लहान कॅन शुक्रवारी रिकामा निघाला, असं जवळपास प्रत्येक लॅबमध्ये एकदा तरी होतं.

आणि सिस्टरना भेटा. गाठ बाहेर आली की ती फॉर्मलिनच्या डब्यात टाकायची, हा त्यांचा हाताला बसलेला आणि एरवी अगदी योग्य असलेला रिवाज आहे. ड्युटी बदलली की निरोप पुढे जात नाही. प्रत्येक वेळी त्या दिवशीच्या स्क्रब नर्सला स्वतः सांगावं लागतं.

पहिली तीस मिनिटं

रक्तवाहिनी बांधली की टिश्यूला प्राणवायू मिळणं थांबतं, पण पेशी लगेच मरत नाहीत. त्या तासाभरात ताणाशी संबंधित जनुकं चढतात, फॉस्फेट लागलेली प्रथिनं बदलतात, आरएनए तुटू लागतो. नंतर तुम्हाला दिसणारा "फरक" कर्करोगाचा आहे की उशिराचा, हे मिनिटं नोंदवली असतील तरच सांगता येतं.

चार वेळांची नोंद करा: मुख्य रक्तवाहिनी बांधली ती, गाठ शरीरातून बाहेर आली ती, लॅबच्या टेबलावर पोचली ती, आणि गोठवली ती. गालाच्या शस्त्रक्रियेत मानेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आधी काढतात आणि तेव्हाच फेशियल आर्टरी बांधली जाते. गाठ त्यानंतर बऱ्याच वेळाने बाहेर येते. हा उष्ण काळ तुम्हाला कमी करता येत नाही आणि तसा आग्रहही धरू नये. तो फक्त नोंदवायचा. तुमच्या हातात असतो तो त्यानंतरचा थंड काळ. तो ३० मिनिटांच्या आत ठेवा. एक तास उलटला तर आरएनए किंवा फॉस्फोप्रथिनांच्या कामासाठी तो नमुना बाजूला काढा, डीएनएसाठी मात्र चालेल.

गाठ ओल्या गॉझमध्ये गुंडाळा, रिकाम्या डब्यात घाला, डबा झिप पिशवीत आणि पिशवी बर्फावर. सलाइनमध्ये बुडवून नेऊ नका, टिश्यू फुगतो. बर्फाला थेट टेकवू नका, कडा अर्धवट गोठून फाटतात. डबा न्यायला ठरलेला माणूस हवा. वॉर्डातल्या मामा-मावशींवर आधीच दहा कामं असतात. त्यांच्या हाती दिलेला डबा वाटेत एक्स-रे विभागात टेकला तर दोष त्यांचा नाही.

कापण्याचा पहिला हक्क पॅथॉलॉजिस्टचा

हा नियम मोडायला कोणतंही कारण पुरेसं नाही. आधी पॅथॉलॉजिस्ट नमुना पाहतो, मोजतो, कडांना शाई लावतो, आणि मगच संशोधनासाठी कुठून घ्यायचं ते दाखवतो. कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या २०१७च्या आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कर्करोगाच्या टी स्टेजमध्ये (गाठीच्या टप्प्यात) गाठ किती खोल गेली आहे हे धरतात, आणि त्यातल्या सीमा ५ मिमी व १० मिमी अशा आहेत. तुम्ही नेमका सर्वांत खोल भागातून तुकडा उचललात तर ११ मिमीची गाठ ९ मिमीची दिसू शकते. रुग्णाची स्टेज चुकेल, पुढचे उपचार चुकू शकतील. शस्त्रक्रियेची कड आणि सर्वांत खोल जागा, या दोन्ही ठिकाणी हात लावायचा नाही. गाठ १ सेंमीपेक्षा लहान असेल तर बहुधा काहीच मिळणार नाही. ते मान्य करा आणि पुढच्या रुग्णाची वाट पाहा.

कापण्याचा क्रम असा: आधी निरोगी भाग, नव्या ब्लेडने. मग ब्लेड, चिमटा आणि डिश बदलून गाठ. उलट केलं तर गाठीच्या पेशी निरोगी नमुन्यात जातात आणि सिक्वेन्सिंगमध्ये त्या नीट दिसतात. गाठीतून घेताना मधला मऊ, पिवळट, मेलेला भाग टाळा, वरचा पांढरा केरॅटिनचा थर टाळा, कॉटरीने (रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाने) भाजलेली कड टाळा. करड्या-पांढऱ्या घट्ट भागातून घ्या.

"निरोगी" हा शब्द तोंडाच्या बाबतीत जपून वापरा. वीस वर्षं तंबाखूची गोळी ठेवलेल्या गालाची सगळीच त्वचा बदललेली असते, शेजारचा साधा दिसणारा भागही. शक्य तेवढ्या लांबून घ्या, आणि आनुवंशिक तुलनेसाठी त्याच रुग्णाचं रक्तही घ्या. शोधनिबंधात त्या तुकड्याला "गाठीशेजारचा टिश्यू" म्हणा. "नॉर्मल" म्हणू नका.

तुकडे ३ मिमी बाजूच्या घनाएवढे करा. असा एक तुकडा साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम भरतो आणि आरएनए काढायच्या किटमधल्या एका कॉलमला (गाळणीच्या नळीला) तेवढाच लागतो. एका व्हायलमध्ये एकच तुकडा. मोठा तुकडा गोठवून नंतर त्यातून कापून घ्यायचा म्हटलं की दर वेळी तो थोडा वितळतो, आणि आरएनए तुटतो तो नेमका वितळताना. गाठीचे ४-५, शेजारचे २-३ आणि प्रत्येकाला लागून असलेला एक पातळ काप फॉर्मलिनमध्ये. या आरशासारख्या कापावरूनच पुढे पेशींचं प्रमाण कळतं. तो घ्यायला विसरलात तर गोठवलेल्या तुकड्यात काय आहे हे कळायला तोच तुकडा खर्ची घालावा लागतो.

गोठवणं, फॉर्मलिन आणि इतर मार्ग

साध्या गोठवणीसाठी तुकडा फॉइलवर ठेवून फॉइलसकट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा, मग थंड केलेल्या व्हायलमध्ये टाका. टिश्यूची रचना टिकवायची असेल तर आयसोपेंटेन वापरा. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो, पण उबदार तुकड्याभोवती त्याच्याच वाफेचं वेष्टण तयार होतं आणि गोठणं मंदावतं. मंद गोठण्यात बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली टिश्यू जाळीसारखा दिसतो. धातूचा बीकर नायट्रोजनमध्ये धरा, आयसोपेंटेनच्या तळाशी पांढरे कण दिसू लागले की ते उणे १६० अंशांच्या आसपास आलं. मग ओसीटीत बसवलेला तुकडा त्यात सोडा. प्रोटिओमिक्स करायचं असेल तर ओसीटी लावू नका. त्यातले पॉलिमर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सगळं झाकून टाकतात.

नायट्रोजनची सोय नसलेल्या रुग्णालयात आरएनएलेटर हा आरएनए टिकवणारा द्रव चांगला पर्याय आहे. तुकड्याची किमान एक बाजू ५ मिमीपेक्षा कमी असावी आणि द्रव तुकड्याच्या ५ ते १० पट. रात्रभर ४ अंशांवर मुरू द्या, मग द्रव काढून उणे ८० अंशांवर ठेवा. घातल्याबरोबर थेट गोठवलं तर द्रव आत पोचलेलाच नसतो.

फॉर्मलिनच्या बाबतीत ओटीतल्या बाटलीवर भरवसा ठेवू नका. बाजारातलं ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेलं असेल तर ते आम्लधर्मी होतं आणि डीएनए तोडतं. स्वतः बनवा: ते १०० मिलि, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७च्या जरा वर यायला हवा. फॉर्मलिन तासाला सुमारे १ मिमी आत शिरतं, म्हणून काप ३ ते ५ मिमीचे आणि द्रव किमान १० पट. किमान ६ तास आणि कमाल ७२ तास. शनिवारी बुडवलेला तुकडा सुट्टी जोडून आल्यामुळे बुधवारी काढला तर प्रथिन शोधायची अँटिबॉडी नीट लागत नाही, आणि मग दोष अँटिबॉडीच्या कंपनीला दिला जातो.

पेशीसंवर्धनासाठी तोंडातला टिश्यू अवघड आहे, कारण तो जंतूंनी भरलेला असतो. थंड माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनबरोबर ॲम्फोटेरिसिन बी घाला, ४ अंशांवर ठेवा, तीन-चार वेळा धुवा आणि त्याच दिवशी प्रक्रिया सुरू करा.

रक्त: ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी, ८-१० वेळा हळूच उलटीसुलटी, जोरात हलवू नये. दोन तासांत १५०० ते २००० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं बल) १० मिनिटं फिरवा, प्लाझ्मा छोट्या व्हायलमध्ये वाटा, पांढऱ्या पेशींचा थर डीएनएसाठी ठेवा. सीरमची नळी आधी ३० मिनिटं रक्त साकळायला उभी ठेवा. हेपॅरिनची हिरवी नळी पीसीआरला अडथळा करते.

लेबल आणि नोंदवही

साधं चिकट लेबल उणे ८० अंशांवर काही आठवड्यांत गळून पडतं आणि मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. क्रायो लेबल आणि थर्मल प्रिंटर यांचा खर्च प्रस्तावात आधीच धरा. कॅसेटवर पेन्सिल. क्रमांक असा असावा की त्यातून ओळख फुटू नये: "ओसी-०१७-टी२" म्हणजे सतरावा रुग्ण, गाठीचा दुसरा तुकडा. रुग्णाची आद्याक्षरं, आयपीडी क्रमांक, जन्मतारीख यांतलं काहीही व्हायलवर नको. क्रमांक आणि नाव यांची जोडणारी यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या ठिकाणी, प्रमुख संशोधक आणि आणखी एकाच व्यक्तीकडे.

नोंदवहीत प्रत्येक व्हायलची फ्रीझर-रॅक-बॉक्स-खाना अशी जागा लिहा. एका रुग्णाच्या व्हायल दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये विभागा. रात्री वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, तर निम्मे तरी वाचतील. तापमानाचा अलार्म मोबाइलवर येणारा हवा, आणि तो ज्याच्या मोबाइलवर येतो तो माणूस दिवाळीत गावी गेला असेल तर दुसऱ्याच्या. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर कधीच वापरू नका. तो रोज थोडा गरम होतो.

दर्जाची तपासणी

त्या आरशासारख्या कापाची एच अँड ई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड पॅथॉलॉजिस्टला दाखवा. गाठीच्या पेशींची केंद्रकं ६० टक्के किंवा जास्त आणि मृत भाग २० टक्क्यांपेक्षा कमी, ही जीनोमिक्ससाठी नेहमी वापरली जाणारी मर्यादा. आरएनएची अखंडता आरआयएन अंकाने मोजतात. १० पैकी ७ च्या वर असेल तर उत्तम. पॅराफिन ब्लॉकमधल्या आरएनएला हा अंक लावू नका, तिथे डीव्ही२०० (२०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकड्यांचं प्रमाण) पाहतात आणि ३० टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जाण्यात अर्थ नसतो. ब्लॉकमधून घेताना पहिले दोन-तीन सेक्शन टाकून द्या, मग १० मायक्रॉनचे ४ ते ८ घ्या आणि दर रुग्णागणिक मायक्रोटोमचं (काप काढायच्या यंत्राचं) ब्लेड बदला. ब्लॉक कधीच संपवायचा नाही. रुग्णाला दोन वर्षांनी नव्या औषधासाठी चाचणी लागली तर तोच लागणार असतो.

पाठवणी

गोठवलेला नमुना कोरड्या बर्फात जातो. तीन आवरणं: गळती न होणारी व्हायल, शोषक कागदासह दुसरी बंद पिशवी, बाहेर भक्कम पेटी. बाहेर जैविक नमुन्यासाठी यूएन ३३७३ आणि कोरड्या बर्फासाठी यूएन १८४५ व वर्ग ९ची खूण, बर्फाचं वजन किलोमध्ये. थर्मोकोलच्या पेटीत दिवसाला सुमारे अडीच ते पाच किलो बर्फ उडतो. पुणे-मुंबई सहा तासांचं काम असलं तरी किमान १० किलो भरा, कारण पार्सल शुक्रवारी निघून सोमवारी पोचलेलं असतं. खरं तर शुक्रवारी पाठवूच नका. पेटी हवाबंद चिकटपट्टीने कधी बंद करू नका, वायू कोंडून ती फुटते. स्वतःच्या गाडीतून नेताना काच थोडी उघडी ठेवा.

स्वतःला जपा

प्रत्येक नमुना एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी असलेलाच आहे असं धरून वागा. काम सुरू करण्यापूर्वी हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण करा: ०, १ आणि ६ महिने. ब्लेड लागलं तर साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या काही तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर उपयोग राहत नाही. नायट्रोजन बंद खोलीत ओतू नका. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, आणि बेशुद्ध होण्यापूर्वी कसलीच सूचना मिळत नाही. द्रवात बुडालेल्या व्हायलमध्ये नायट्रोजन शिरला तर बाहेर काढताना ती फुटते, म्हणून ढाल. उरलेला टिश्यू पिवळ्या पिशवीत, ब्लेड पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात.

रुग्णाने संमती मागे घेतली तर

त्याला कारण विचारू नका. जोडणाऱ्या यादीतून क्रमांक काढा, त्या क्रमांकाच्या सगळ्या व्हायल, ब्लॉक, स्लाइड, काढलेला डीएनए, दुसऱ्या संस्थेला पाठवलेला वाटा, या सगळ्यांची यादी करा आणि नष्ट करा. निदानाचा ब्लॉक मात्र पॅथॉलॉजीचा आहे, तो रुग्णाच्या उपचारासाठी राहतो. एकत्र विश्लेषण होऊन प्रसिद्ध झालेली माहिती मागे घेता येत नाही, आणि हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असायला हवं. नष्ट केल्याची तारीख आणि दोन सह्या नोंदवहीत, एक पत्र एथिक्स कमिटीला, आणि एक रुग्णाला, त्याला वाचता येईल अशा भाषेत.